कोल्हापूर महानगरपालिकेचे प्रभाग

कोल्हापूर महानगरपालिकेवर नगरसेवक निवडून देण्यासाठी शहराचे जे विभाग पाडले जातात, त्यांना प्रभाग म्हणतात. बोलण्यात मात्र ‘वॉर्ड’ हाच शब्द चालतो आणि कोल्हापुरात तो दुहेरी अर्थाचा आहे. घराच्या पत्त्यात आणि मिळकत पत्रिकेत येणारे ए, बी, सी, डी व ई हे वॉर्ड नगर भूमापनाचे (सिटी सर्व्हेचे) आहेत. शिवाजी पेठ ‘ए’मध्ये, मंगळवार पेठ ‘बी’मध्ये, लक्ष्मीपुरी ‘सी’मध्ये आणि शुक्रवार पेठ ‘डी’मध्ये येते. १८९१ मध्ये रेल्वे आली, १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, पुढे राजारामपुरी उभी राहिली. जुन्या गावठाणाबाहेर पूर्वेला वाढलेला हा सारा विस्तार ‘ई’मध्ये जमा झाल्याने तो वॉर्ड अवाढव्य झाला. ही अक्षरे टिकून राहिली. निवडणुकीचे प्रभाग मात्र वारंवार बदलले.

कोल्हापुरात १८५४ मध्ये नगरपालिका आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. नगरसेवकांची संख्या क्षेत्रफळावर नव्हे, तर लोकसंख्येवर ठरते. तीन ते सहा लाख लोकसंख्येच्या शहराला किमान ६५ सदस्य आणि तीन लाखांच्या वरच्या प्रत्येक १५ हजारांमागे एक जादा सदस्य, असे कायद्याचे गणित होते. त्यानुसार २०१० च्या निवडणुकीत ७७ सदस्य होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६ भरल्याने २०१५ मध्ये ते ८१ झाले. या दोन्ही निवडणुकांत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जाई. २०१५ मध्ये प्रभागाची सरासरी लोकसंख्या जेमतेम पावणेसात हजार होती, त्यामुळे चार गल्ल्या इकडच्या तिकडे झाल्या तरी निकाल फिरू शकत असे. प्रभागांच्या प्रारूप (कच्च्या) रचनेवरील हरकतींना कोल्हापुरात एवढी धार का येते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

प्रभागांची आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायची आणि जनगणनेचा प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेला वस्तीचा सर्वात लहान तुकडा) शक्यतो फोडायचा नाही, असा दंडक आहे. त्यामुळेच २०१५ मध्ये पहिला क्रमांक उत्तरेकडच्या शुगर मिल प्रभागाला मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ कसबा बावड्याचे प्रभाग आले.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. त्यानंतर किमान सदस्यसंख्या वाढवणाऱ्या दुरुस्तीमुळे २०२२ मध्ये ९२ सदस्यांची रचना झाली. तीस प्रभाग तीन सदस्यांचे आणि एक दोन सदस्यांचा होता. त्याच वर्षी ती दुरुस्ती मागे घेतली गेल्याने ही रचना कागदावरच राहिली. जानेवारी २०२६ ची निवडणूक पुन्हा ८१ जागांसाठी, पण वीस प्रभागांत झाली: एकोणीस प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. नवी जनगणना हाती नसल्याने आधार २०११ चाच राहिला. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या सत्तावीस हजारांवर गेली आणि परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या वस्त्या एकाच प्रभागात आल्या.

आतल्या रेषा अशा हलत असताना बाहेरची हद्द, म्हणजे ६६.८२ चौ. किमी. क्षेत्र, १९७२ पासून तशीच होती. शेतजमीन आणि ग्रामपंचायत जाईल, घरफाळा वाढेल, या धास्तीने आसपासच्या गावांनी हद्दवाढीला सातत्याने विरोध केला. तडजोड म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्याकडे नियोजन व बांधकाम परवानगीचे काम आले. पण पाचगाव किंवा उचगावात राहून रोज शहरात कामाला येणाऱ्याला त्याने महापालिकेचे मत दिले नाही.