काळी मारबत आणि बाकाबाई: इतवारीच्या मिरवणुकीची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीच्या वाटेवरची बहुतेक शटर खाली असतात. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते, काळी नेहरू पुतळ्याच्या बाजूने येते आणि चौकात दोघींची गाठ पडते. तेवढा वेळ 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' याशिवाय दुसरा आवाज कानावर येत नाही. बडगे, म्हणजे मारबतींसोबतचे पुरुषी पुतळे, यंदा कोणाकोणाचे, ही चर्चा आठवडाभर आधीच सुरू झालेली असते. तिच्याबरोबर एक जुना प्रश्नही दरवर्षी निघतो: काळी मारबत म्हणजे नागपूरकर भोसल्यांची राणी बाकाबाई, हे कितपत खरे?

इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे बाजाराच्या वारांवरून पडली. १७०२ मध्ये देवगडच्या गोंड राजाने वसवलेले हे शहर पुढे भोसल्यांची राजधानी झाले. तो इतिहास इथे पुन्हा सांगत बसत नाही. मारबतीसाठी महत्त्वाचा काळ त्यानंतरचा. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि जुन्या पेठांमधली वस्ती दाटत गेली. विणकर, तेली, हमाल, खेड्यातून मजुरीला आलेली कुटुंबे एकाच गल्लीत राहू लागली. काळ्या मारबतीची सुरुवात १८८०-८१ ची सांगतात आणि पिवळीची १८८५ ची. पिवळीच्या मागे तेली समाजातली मंडळी होती, आजही आहेत.

पण मारबत शहरात जन्मली नाही. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याला दारापाशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, करीला, पहाटेच पोरे ते मेढे उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकायला निघतात. 'खासी, खोकला, रोगराई, ढेकूण, मोंगसे घेऊन जाय गे मारबत' ही आरोळी तिथली. मोंगसे म्हणजे डास. वैनगंगेच्या पट्ट्यात हीच बाई 'नारबोद' होते. भर पावसाळ्यातला हा सण, डबकी साचलेली, तापाची साथ घरोघर. अशा वेळी रोग उचलून नेणारी कोणीतरी बाई हवी, एवढा साधा विचार त्यामागे दिसतो. काही घरांत मारबत म्हणजे पूतना राक्षसीण, अशीही कथा सांगतात. खेड्यातून इतवारीत आलेल्या माणसांनी आपली पळसाची मारबत सोबत आणली आणि शहराच्या गर्दीत तिला बांबू, कागद, कापडाचे मोठे शरीर मिळाले, असे मला वाटते. आरोळी तीच राहिली, हाच मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

आता बाकाबाई. दुसऱ्या रघूजींची ही राणी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गादीवरचे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसले आणि बाकाबाई त्यांची पालक झाली. कारभार प्रत्यक्षात इंग्रज रेसिडेंटच्या हातात होता. लोकांच्या आठवणीत ती 'इंग्रजांना फितूर झालेली राणी' म्हणून राहिली आणि काळी मारबत तिचाच पुतळा, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले.

या सांगण्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येत नाही. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरात उठावाचा बेत फसला तेव्हा बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, हे नाकारून चालणार नाही. भोसले घराण्यात दत्तक आलेल्या जानोजींना पुढे 'राजाबहाद्दर' किताब मिळाला, तो या निष्ठेची परतफेड म्हणूनच. पण गोष्ट सांगणारे १८५७ वर थांबतात. चार वर्षे मागे जायला कोणी तयार नसते.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले. मग राजवाड्यातल्या वस्तू उचलायला सुरुवात झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा 'हलवाल तर वाड्याला आग लावीन' अशी धमकी देणारी बाई हीच. दाद मागायला लंडनपर्यंत वकील पाठवले गेले. त्याचा उपयोग झाला नाही. म्हातारपणी, सैन्य नाही, खजिना नाही, घरात वारसाचा प्रश्न लोंबकळलेला, अशा स्थितीत तिने १८५७ चा निर्णय घेतला. तो चुकीचा होता असे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. तरी आगीची धमकी विसरून फक्त फितुरी लक्षात ठेवणे मला अन्यायाचे वाटते, आणि हे मी महाल या जुन्या पेठेतल्या अनेक ओट्यांवर बसून अनेकदा बोललो आहे.

तारखांचाही प्रश्न आहेच. बाकाबाई १८५८ मध्ये वारली. काळी मारबत त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी निघाली. महालातला भोसल्यांचा मोठा वाडाही तोवर, १८६४ मध्ये, जळून गेला होता. मेलेल्या राणीवरचा राग इतकी वर्षे टिकला असेल, हे अशक्य नाही. पण 'घेऊन जा गे' या आरोळीत फितुरी कुठेच नाही, आहे ती रोगराई. मला वाटते, पुतळा आधी आला आणि राणीचे नाव त्याला मागाहून चिकटले, बहुधा स्वातंत्र्याची चळवळ पेठांमध्ये शिरली तेव्हा. पिवळीबद्दलही तसेच झाले. ती इंग्रजांपासून सुटका व्हावी म्हणून बसवली, असे आता सगळेच सांगतात. प्रत्यक्षात बाया तिच्याकडे येतात त्या लेकरांसाठी. मी पाहिले आहे: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एक बाई तापातून नुकते उठलेले पोर कडेवर घेऊन आली, ओटी भरली, पोराचा तळहात पिवळीच्या पायाला टेकवला, रंग थोडा ओला होता तो हाताला लागला, आणि तिने तो पुसू दिला नाही.

पिवळी चांगली, काळी वाईट, अशी वाटणी आज सर्रास केली जाते. पण दोघींनाही शेवटी जाळतातच.

बडगे ही पुरुषी पुतळ्यांची भर. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, पुढारी, अलीकडे परदेशचे राष्ट्राध्यक्षही. ज्याचा राग आला त्याचा बडग्या. गेल्या काही दशकांत बातम्यांमध्ये बडग्यांनीच जागा व्यापली आणि मारबती फोटोच्या कडेला गेल्या. बडग्यांवरच्या पाट्यांची भाषा कधी घसरते, त्यावरून पोलीस आणि मंडळे यांच्यात बैठका होतात, डीजेच्या आवाजावरून तक्रारी होतात. या तक्रारी खऱ्या आहेत. छातीत धडधड होईल असा आवाज म्हाताऱ्या माणसांच्या घरांवरून नेणे बरे नाही. २०२० मध्ये करोनामुळे मिरवणूक निघाली नाही, तेव्हा 'मारबत गेली नाही म्हणून रोग गेला नाही' असे इतवारीत कितीतरी लोक मनापासून बोलत होते.

रस्तेही बदलले. सेंट्रल अव्हेन्यू पेठांच्या बाजूने गेला, २०२२ च्या डिसेंबरात त्यावरून प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो धावू लागली आणि अग्रसेन चौक, चितार ओळी ही नावे स्टेशनांच्या फलकांवर आली. आतल्या गल्ल्या मात्र तेवढ्याच अरुंद आहेत. मारबत पुढे सरकते तशी दोन पोरे लांब बांबूने विजेच्या तारा वर उचलून धरतात, मारबतीचे डोके खालून गेले की पुढच्या खांबाकडे धावतात. दुपारपर्यंत हा गलबला शमतो. संध्याकाळी त्याच गल्ल्यांतून तान्हा पोळा निघतो, लेकरे चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात.