पॅरेस्थेशिया

बाहेरून कशाचाही स्पर्श वा टोचणी नसताना त्वचेवर मुंग्या, झिणझिण्या, सुया टोचल्यासारखे किंवा बधिरपणा जाणवणे, याला वैद्यकात पॅरेस्थेशिया म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. संवेदना त्रासदायक, आग होणारी असेल तर डिसेस्थेशिया, आणि कातडीवर किडे चालल्याचा भास असेल तर फॉर्मिकेशन (लॅटिन ‘फॉर्मिका’ म्हणजे मुंगी). दवाखान्यात रुग्ण मात्र या सगळ्याला ‘मुंग्या येतात’ एवढेच म्हणतो, त्यामुळे खोदून विचारणे डॉक्टरांकडेच येते.

बराच वेळ मांडी घालून बसले की मज्जातंतू दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि पाय बधिर होतो. दाब निघाला की तंतू पूर्ववत होताना काही काळ आपोआप संदेश सोडत राहतात. खऱ्या मुंग्या येतात त्या म्हणूनच उठल्यावर. त्या काही मिनिटांत जातात. त्यांची काळजी नको.

वारंवार येणाऱ्या मुंग्यांत त्या किती जोराच्या आहेत यापेक्षा कुठे येतात हे पाहावे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात, त्यातही रात्री येत असतील व हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली नस दबलेली असण्याचा संभव मोठा (कार्पल टनेल सिंड्रोम). करंगळीत येत असतील तर बहुधा कोपराकडे पाहावे लागते. दबलेल्या किंवा इजा झालेल्या नसेवर हलके ठोकून मुंग्या उठतात का, हे पाहण्याच्या चाचणीला फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांचे नाव आहे; तिचे वर्णन त्यांनी १९१५ मध्ये केले. दोन्ही तळपायांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकणाऱ्या मुंग्या मधुमेहात आढळतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मुंग्या येतात, आणि ही कमतरता शाकाहारी लोकांत अधिक दिसते. घाबरून भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांभोवती व बोटांत झिणझिण्या येतात. चेहरा किंवा हातपाय एकाच बाजूला अचानक बधिर झाले, तर पक्षाघाताची शक्यता धरून लगेच रुग्णालय गाठावे.

काही मुंग्या मुद्दाम चाखल्या जातात. कोकण-गोव्यात माशाच्या कालवणात पडणारे तिरफळ जिभेला झिणझिण्या आणते. त्याच्याच प्रजातीतल्या सिचुआन मिरीवर लंडनमध्ये झालेल्या प्रयोगात (२०१३) ओठांवरची झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी जाणवते, असे दिसले.