खुलासा: लेव्हरच्या ११ ग्रँड स्लॅम ‘फक्त’ ११ का नाहीत

टेनिसपटू कार्लोस अल्काराझने मोठी स्पर्धा मारली की जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक यादी हमखास फिरते, कोणी किती ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या त्याची: जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०, आणि तळाशी लेव्हर ११, बोर्ग ११. खाली ठरलेली टीप, ‘जुने नुसते नावाला मोठे, हा पोरगा त्यांना सहज मागे टाकेल.’ भाऊ, आकडे बरोबर आहेत; निष्कर्ष साफ चुकलाय.

रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या आणि तो व्यावसायिक झाला. त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्याला विंबल्डनसकट चारही स्पर्धांची दारं बंद. ती उघडली १९६८ मध्ये. मधली पाच वर्षं, ऐन भरात असताना, त्याला एकही ग्रँड स्लॅम खेळता आली नाही. तरी १९६९ मध्ये पुन्हा चारही जिंकल्या! (लेव्हरभक्त एक गोष्ट गाळतात: १९६२ मध्ये रोजवॉलसारखे तगडे व्यावसायिकही समोर नव्हतेच. शिवाय तेव्हा चारपैकी तीन स्पर्धा गवतावर व्हायच्या, म्हणजे वेगवेगळ्या मैदानांची कसोटी कमी.)

बोर्गच्या ११ चंही तसंच: चारपैकी एक असलेल्या ऑस्ट्रेलियन ओपनला तो उभ्या कारकिर्दीत एकदाच गेला, १९७४ मध्ये. त्या स्पर्धेला तेव्हा बडे खेळाडू सर्रास दांडी मारत.

आणि ‘सर्वांत लहान विजेता’ हेही अल्काराझच्या नावावर खपवतात. २०२२ ची अमेरिकन ओपन जिंकून १९ व्या वर्षी तो पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत सर्वांत तरुण अव्वल खेळाडू झाला, एवढं खरं. पुरुष एकेरीतला सर्वांत लहान ग्रँड स्लॅम विजेता मायकेल चँग: फ्रेंच ओपन १९८९, वय १७.