कोविडनंतरच्या पर्यटन सवलती : काय संपलं, काय अजून मिळू शकतं

कोल्हापुरात महाद्वार रोडपासून पन्हाळ्यापर्यंत लॉज, यात्री निवास, खानावळ, टुरिस्ट गाड्या किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

'कोविडमधलं सरकारी हमीचं कर्ज माफ होणार का हो?' ऑफिसात हा प्रश्न अजूनही येतो. नाही होणार. सरकारने हमी दिली ती बँकेला, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकले तर बँकेला हमीचे पैसे मिळतात, पण तुमच्या नावावरची थकबाकी जात नाही. वसुली चालू राहते, सिबिल बिघडतो तो वेगळाच.

अंबाबाईचं मंदिर मार्च 2020 मध्ये बंद झालं, नोव्हेंबरात उघडलं, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालं, ते 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेलाच उघडलं. मध्ये जुलैचा महापूर. खोल्या रिकाम्या आणि घरफाळा, वीजबिल चालूच, असे ते दिवस. तातडीच्या कर्ज हमी योजनेत (ईसीएलजीएस) मार्च 2021 मध्ये हॉटेल आणि पर्यटन व्यवसायासाठी खास भाग आला. जुन्या कर्जाच्या बाकीवर 40 टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, मुदत सहा वर्षं, पहिली दोन वर्षं फक्त व्याज. तिसऱ्या वर्षी हप्ता एकदम वाढला म्हणून बरेच जण बँकेवर चिडले. पण अख्खं मुद्दल उरलेल्या चार वर्षांत बसवायचं म्हटल्यावर हप्ता वाढणारच. आमच्या मते खरी त्रुटी दुसरीच होती : ज्यांनी आधी कर्जच काढलं नव्हतं, अशा काटकसरी लॉजवाल्यांच्या हाती या योजनेतून काही लागलं नाही.

जून 2021 मध्ये टूर व्यावसायिकांना 10 लाखांपर्यंत आणि गाइडना 1 लाखापर्यंत हमीचं कर्ज जाहीर झालं. तेही मान्यता किंवा नोंदणी असलेल्यांनाच. ईसीएलजीएस 31 मार्च 2023 ला बंद झाली. तिचा नवीन अर्ज भरून देतो म्हणून कोणी फी मागितली तर देऊ नका.

टिकून राहिला तो उद्योगाचा दर्जा. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये तो आदरातिथ्य व्यवसायाला (म्हणजे हॉटेल-लॉजसारख्या धंद्यांना) दिला आणि 1 एप्रिल 2021 पासून वीज, पाणी, घरफाळा औद्योगिक दराने घेण्याचं ठरलं. मात्र तो आपोआप लागू होत नाही. आधी पर्यटन संचालनालयाकडून पात्रतेचा कागद घ्यायचा, मग तो घेऊन महावितरण आणि महापालिकेत अर्ज करायचा. फक्त जेवणाचा व्यवसाय असेल तर अर्जाआधी आमच्याशी बोला. पन्हाळा, राधानगरीकडे शेतावर पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2020 चं कृषी पर्यटन धोरण वेगळं आहे. त्यात किमान एक एकर शेती लागते आणि नोंदणी याच संचालनालयाकडे होते.

आमच्याकडे येताना वर्षभराची वीजबिलं, घरफाळ्याची पावती आणि परवान्यांच्या प्रती आणा. बिलावर दर 'वाणिज्यिक' लिहिलाय की 'औद्योगिक', हे घरीच बघून या. खोल्या चार-पाचच असतील तर वाचणारी रक्कम आणि कागदपत्रांचा खर्च दोन्ही आधी मांडून दाखवू. जमत नसेल तर अर्ज करायला सांगणार नाही.