गोधडी (पुणे परिसर)

गोधडी : जुन्या सुती कापडांचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण किंवा पांघरूण. पुणे शहर, मावळ, मुळशी, पुरंदर, जुन्नर या पट्ट्यात तिला गोधडी म्हणतात. सातारा-कोल्हापूरकडे वाकळ हा शब्द रूढ आहे, तर उत्तर कर्नाटकात कौदी. दुलई, लेप आणि रजई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीच्या पोटात मात्र कापडच असते आणि तिचे सगळे अर्थशास्त्र इथून सुरू होते. कापूस विकत आणून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा लागे. गोधडीसाठी घराबाहेरून यायचे ते सुई आणि दोऱ्याचे रीळ.

नऊवारी लुगडे आणि गोधडी यांचे माप एकमेकांना नेमके जुळते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. लुगड्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरहून किंचित लांब आणि कापडाच्या पन्ह्याइतकी रुंद अशी चौघडी तयार होते. एका माणसाला पुरेल एवढे पांघरूण, तेही कात्री न लावता. दोन माणसांची गोधडी हवी असेल तर लुगडी फाडून पन्ह्याला पन्हा जोडावा लागतो. पाच-साडेपाच मीटरची गोल साडी या हिशेबात बसत नाही. तिचे अडीच थर होतात आणि उरलेली जागा इतर कापडांनी भरून काढावी लागते.

शिवण्याआधीची तयारी शिवणाइतकीच महत्त्वाची. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घेतात. मग शिवणी उसवतात. बटणे, हुक, नाड्या, कॉलरी आणि पँटचे जाड पट्टे काढून टाकतात, कारण पोटात राहिलेली एक जाड शिवण पुढे कित्येक वर्षे पाठीला टोचते. सर्वांत खाली पाठीचे कापड अंथरले जाते, बहुधा अख्खे लुगडे किंवा धोतर. त्यावर पोट : विरलेली धोतरे, पंचे, सदरे, परकर, चादरींचे तुकडे. एका तुकड्याची विरलेली जागा दुसऱ्याच्या धड भागाखाली येईल असे ते लावायचे. ही जुळवाजुळव कुठे लिहून ठेवलेली नसते, पण जाणत्या बाईची गोधडी हाताला सगळीकडे सारखी जाड लागते ती याच कारणाने. सर्वांत वर दर्शनी कापड येते. त्यातल्या त्यात कमी विटलेले पातळ इथे लागते, त्याचे काठ कडेला घेतात, आणि खणाचा एखादा तुकडा असेल तर तो हमखास मधोमध जातो.

सगळे थर सारवलेल्या अंगणात, ओट्यावर किंवा गच्चीत ताणून पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि लांब कच्च्या टाक्यांनी ते जागच्या जागी धरून ठेवतात. पक्की शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकटीच्या आत चौकट अशी मध्याकडे सरकते. काही बायका एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर ओळी घालतात. दोन्ही पद्धतींत डाव्या हाताचे काम एकच : सुईच्या पुढे कापड सपाट करत जाणे. ते चुकले तर मध्यावर चुण्या गोळा होतात आणि उसवण्यावाचून इलाज राहत नाही. दोन ओळींतले अंतर साधारण बोटभर असते. अंतर कमी केले तर गोधडी टिकाऊ पण ताठर होते. वाढवले तर ती मऊ आणि उबदार राहते, मात्र दोन-चार धुण्यांत पोटातले कापड सरकून गोळा होते. शेजारणी समोरासमोर बसून एकच गोधडी शिवतात तेव्हा प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, आणि पुढे कोणाची बाजू नीट आली यावर टोमणेही चालतात. रंगीत दोरा मुद्दाम उठून दिसेल असा घ्यायचा की कापडात मिसळणारा, यावर मात्र एकमत नाही.

गोधडीचा हंगाम उन्हाळ्याचा. शेतीची कामे उरकलेली असतात, दिवस मोठा असतो आणि अंगण कोरडे. पावसाळ्यात हे काम सहसा कोणी काढत नाही. ओलसर कापड एकदा आत बंद झाले की त्याचा वास जात नाही.

जुनी गोधडी फाटली म्हणून टाकून देत नाहीत. तिच्यावर नवी पाठ आणि नवे दर्शनी कापड चढवून पुन्हा टाके घालतात. अशा गोधडीच्या पोटात आधीची आख्खी गोधडी असते. लहान मुलांसाठी दोन-तीन थरांचे दुपटे करतात. त्याला आजीचे किंवा आईचे मऊ झालेले सुती पातळच लागते, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला खरखरते.

पुण्याचा थंडीचा महिना-दीड महिना बोचरा असतो. डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. थरांमध्ये अडकलेली हवा आणि घाम टिपणारे सुती कापड यांमुळे अशा कोरड्या थंडीत गोधडी चांगली चालते. शिकायला पुण्यात आलेल्या आणि वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वळकटीत गोधडी असायचीच. वाड्यांमध्ये ती नवारीच्या पलंगावर गादीसारखी, बाजेवर एकटीच, आणि जमिनीवर सतरंजीच्या जोडीने वापरली जाई. वाडे पडू लागले, सागवानी खांब-तुळया आणि पलंग भंगारवाल्यांच्या वाटेने गेले, फ्लॅटमध्ये बॉक्सचे पलंग आणि फोमच्या गाद्या आल्या. तेव्हा अंथरूण म्हणून गोधडीची गरज संपली. पांघरूण म्हणून ती उरली. तेही पुढे सोलापुरी चादरी आणि कारखान्यातल्या ब्लँकेटांनी बरेचसे बळकावले.

खरा घाव कापडाने घातला. १९७०-८०च्या दशकांत नायलॉन, टेरिकॉट आणि पॉलिएस्टर घराघरांत शिरले. हे कापड विरत नाही, मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. शिवताना थरावरून थर घसरतो. गोधडीला कापड जुने होत जाणे आवश्यक असते, आणि नव्या साड्या जुन्या होतच नव्हत्या. दुसरीकडे बोहारीण होती. जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा किंवा पातेले देणारी ही बाई पेठांतून दारोदार फिरे. दोन चांगली पातळे गोधडीला ठेवायची की डब्यावर द्यायची, हा उंबऱ्यावरचा वाद अनेक घरांत डब्याच्या बाजूने सुटला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्या काळी स्टीलचा डबा खरोखर कामाचा होता.

घरची हस्तकला म्हणून गोधडीला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी बायकांच्या शिवणकामाला शिक्षणाचा दर्जा दिला. रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणे मिरवली गेली. गोधडी मात्र पाहुणे आले की माळ्यावर जाई. चिंध्या आणि गोधडी यांचा संबंध गरिबीशी जोडलेला होता. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत ते त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे.

धुण्याचा मोठा प्रसंग नवरात्राच्या आधी येतो. घट बसण्यापूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची चाल पुणे जिल्ह्यात अजून पाळली जाते. पाण्यात बुडवलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघीजणी दोन टोके धरून उलट्या दिशांना पीळ देतात. नदीच्या घाटांवर आणि खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा कालव्याच्या काठी हे काम चालत आले. गृहसंकुलातल्या वॉशिंग मशीनमध्ये जाड गोधडी मावत नाही, आणि शहरी घरांतून ती हद्दपार होण्याचे हेही एक साधे कारण आहे.

अलीकडे मागणी वेगळ्या वाटेने परत आली आहे. आईच्या किंवा आजीच्या साड्या देऊन मजुरीवर गोधडी शिवून घेणारी घरे पुण्यात बरीच आहेत, आणि भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या बायका गोधड्या मांडतात. ज्या वस्तूची लाज वाटत होती तीच आता दिवाणखान्यात सोफ्यावर टाकतात. मात्र या नावाने विकले जाणारे सगळेच गोधडी नसते. नव्या कोऱ्या कापडाचे चौकोन पाडून ते पुन्हा जोडणे, आत पॉलिएस्टरचा पातळ थर घालणे आणि मशीन मारणे हा पाश्चात्त्य धर्तीचा तुकडेजोड प्रकार आहे. दिसायला तो देखणा असतो, पण गोधडीचे काम त्याच्याकडून होत नाही. विकत घेताना कोपरा चिमटीत धरून थर एकमेकांवर घासून पाहावेत. आत कापड असेल तर थर वेगवेगळे जाणवतात, पॉलिएस्टरचा थर नुसताच दबतो. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि रिकामी जागा आलटून पालटून येते, मशीनच्या शिवणीत दोरा अखंड रेषेत धावतो. वजनानेही ओळखता येते : चार-पाच सुती थरांची खरी गोधडी उचलताना हाताला चांगलीच जड लागते.