अबब कुठे, बापरे कुठे

'बापरे' कुणाला शिकवायला नको. पायाशी साप दिसला, वीजबिल हातात पडलं, पीएमपी बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, की आपसूक तोंडून निघतं. घोळ आहे तो 'अबब'चा. बोलताना हा शब्द आता फारसा कुणी काढत नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दिवसभर उभे राहिलात तरी कानावर पडणार नाही. तो उरलाय मथळ्यांपुरता, आणि तिथे बापरेच्या जागी सर्रास बसवला जातो. 'अबब! उसात आढळला बिबट्या.' 'अबब! सिलिंडरचा स्फोट.' वाचताना दाताखाली खडा येतो.

या घोळाचं मूळ शाळेच्या व्याकरणात आहे. केवलप्रयोगी अव्ययांच्या तक्त्यात 'आश्चर्यदर्शक' असा एक रकाना असतो आणि त्यात अबब, बापरे, अरेच्चा, ओहो सगळे एकत्र कोंबलेले असतात. स्पर्धा परीक्षेला तेवढं पुरतं. मथळा लिहिणाऱ्याला पुरत नाही, कारण आश्चर्य कशाचं, हे तो रकाना सांगतच नाही.

अबब निघतं ते आकारावर आणि आकड्यावर. अक्षय्य तृतीयेला दगडूशेठ गणपतीपुढे ११ हजार आंब्यांचा नैवेद्य मांडतात. त्या फोटोवर 'अबब!' झकास शोभतं. बातमी 'केवढं?' किंवा 'किती?' याचं उत्तर देत नसेल, तर अबबचं तिथे काय काम? जुन्नरच्या उसातला बिबट्या किती लांब होता, हे कुणी विचारत नाही. तो गोठ्यापासून किती लांब होता, हे विचारतात. म्हणून तिथे बापरे.

बापरे ही मुळात हाक आहे. दुखलं की 'आई गं', घाबरलं की 'बाप रे'. हाक मारणारा स्वतः त्या प्रसंगात सापडलेला असतो, निदान मनाने तरी. अबबमध्ये कुणालाच हाक नाही. ते म्हणणारा कठड्याला टेकून मजा बघत असतो.

२५ जुलै २०२४ आठवा. खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की जवळच्या उंच झेड ब्रिजवर मोबाईल उंचावून जी गर्दी जमते, तिचा उद्गार अबब. पार्किंगमधली स्कूटर बुडताना पहिल्या मजल्यावरून बघणाऱ्याचा उद्गार बापरे. नदी तीच, पाणी तेच. 'अबब! एकतानगरीत शिरले पाणी' असा मथळा देणारा झेड ब्रिजवर उभा राहून एकतानगरीची बातमी लिहितोय. एकतानगरीत राहणाऱ्याने तो वाचला तर त्याला काय वाटेल, एवढा तरी विचार करावा.

सोन्याच्या भावाचं थोडं निराळं आहे. २०२५मध्ये १० ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा अबब म्हणणाऱ्याचं चुकलं नाही. आकडाच तसा होता. पण ज्यांच्या घरी मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यांनी बापरेच म्हटलं असणार. अशा वेळी वाचक कोण, हे बघून ठरवावं.

शंका असेल तर बोलून बघा. 'अरे बापरे' जिभेवर बसतं, 'अरे अबब' कुणी म्हणत नाही. 'काय पाऊस होता काल, बापरे!' असं शेपटीला जोडता येतं. तिथे अबब लावा, वाक्य लंगडतं.

कुणी दगावलं असेल, तर दोन्ही नकोत. 'बापरे! अपघातात तिघे ठार' ही असभ्यता आहे, आणि अरेरे लावूनही ती सभ्य होत नाही. मथळ्यात धग यायला उद्गार लागतोच असं ज्यांना वाटतं, त्यांनी १८९७चा केसरी आठवावा. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यात अबब नाही, बापरे नाही, साधं उद्गारचिन्हही नाही. हल्लीचे मथळेकर असते तर आधी 'धक्कादायक!' लावलं असतं. (धक्कादायक हे विशेषण आहे. त्याला उद्गार म्हणून उभं करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.)

बातमीच्या मजकुरात वार्ताहराने स्वतःच्या तोंडी यातलं काहीच घालू नये. प्रत्यक्षदर्शी 'बापरे, भिंतच पडली' म्हणाला असेल, तर अवतरणात त्याचंच त्याला द्यावं. मासिकातल्या किंवा दिवाळी अंकातल्या ललित लेखात लेखक स्वतः बोलत असतो, तिथे बापरे खुशाल येऊ दे. अबब मात्र तिथेही मुलांच्या पानावर शोभतं. मोठ्यांच्या लेखात ते उसनं वाटतं.

अरेच्चा, अय्या, अगंबाई यांत कुणी गल्लत करत नाही, त्यामुळे ते राहू दे. लिहिताना 'बापरे' जोडून लिहावं, कारण आता प्रत्यक्ष वडिलांना कुणी हाक मारत नसतं. 'बाप रे बाप' हिंदीतून आलंय, ते हिंदीतच ठेवा. आणि उद्गारचिन्ह एकच.