बाप्पाला एकदम किती ऐकायचं?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत मंत्रपुष्पांजली संपली की पाटापुढे झुंबड उडते. परीक्षा, सायकल, आईचा गुडघा, सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच वेळी. मग आत्या हातात आरतीचं तबक धरूनच ओरडते, "अरे, एकेक जण या! बाप्पाला एकदम किती ऐकायचं?" गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं तिला पकडलं. "आत्याआजी, तूच सांगतेस ना, बाप्पा सगळीकडे असतो, त्याला सगळं कळतं?" आत्या म्हणाली, "असतोच. कळतंच." मग जरा थांबून, "तरी रांगेनं या."

हसलो सगळेच. पण आत्या जिथं थांबली ना, नेमक्या त्या जागेवर मानसशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं काम करताहेत. देव आहे की नाही हा प्रश्न प्रयोगशाळेत बसत नाही (बसवायचा प्रयत्न झालाय, त्याकडे येतोच). माणसाच्या डोक्यातला देव कसा आहे, हा मात्र बसतो. आणि तिथं जे दिसतं त्यावरून मला तरी असं वाटतं, की देवाच्या स्वरूपावरून दोन पंथ भांडायला लागतात त्याच्या कितीतरी आधी ते भांडण एकाच माणसाच्या डोक्यात चालू झालेलं असतं.

१९९६ साली जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल या दोघांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना आधी सरळ प्रश्न विचारले. देवाला एका वेळी अनेक गोष्टी करता येतात का? तो एका जागी असतो का? उत्तरं अगदी धर्मग्रंथाबरहुकूम आली: देव सर्वत्र, सर्वज्ञ, त्याला काळवेळ नाही. मग त्यांना काही छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीत एक मुलगा नदीत पोहतोय, त्याचा पाय दोन दगडांमध्ये अडकतो, पाणी चढतंय, तो देवाचा धावा करतो. त्या वेळी देव जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी प्रार्थनेला उत्तर देत होता; थोड्याच वेळात त्यानं दगड सरकवला आणि मुलगा सुटला. एवढंच. देवानं आधीचं काम संपवलं असं गोष्टीत कुठंही नाही. पण नंतर विचारलं तेव्हा बऱ्याच जणांना गोष्ट अशी आठवली, की देवानं आधी तिकडची प्रार्थना पुरी केली आणि मग तो इकडे आला. म्हणजे बँकेतल्या खिडकीसारखं, आधीचा नंबर झाल्यावर पुढचा!

हे अमेरिकी विद्यार्थ्यांचं झालं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. आपल्याकडे अवतार आहेत, मूर्ती आहेत आणि निर्गुण ब्रह्मही आहे. देव एकाच वेळी अनेक ठिकाणी असणं आपल्याला लहानपणापासून ऐकून पाठ. म्हणून बॅरेटनं १९९८ मध्ये उत्तर भारतातल्या हिंदूंवर तसाच अभ्यास करून प्रसिद्ध केला. शिव, विष्णू, कृष्ण, आणि चक्क ब्रह्मसुद्धा त्यात होतं. निकाल तोच. विचारलं तर ब्रह्म निराकार. गोष्टीत आलं की त्याला एका वेळी एकच काम.

यावर एक आक्षेप मला सुरुवातीपासून खटकत आलाय, आणि काही अभ्यासकांनीही तो घेतलाय. दोष डोक्याचा की गोष्टीचा? गोष्ट म्हटली की पात्र आलं, पात्र म्हटलं की 'आधी हे, मग ते' आलंच. निराकाराची गोष्ट सांगून बघा, दुसऱ्या वाक्यात त्याला हात फुटतात. आक्षेप रास्त आहे. पण आपण देवाशी बोलतो ते गोष्टीतच की. नवस ही गोष्टच असते: मी असं करीन, मग तू तसं कर. त्यामुळे घाईच्या वेळचा देव आणि निवांत बसून सांगायचा देव वेगळे असतात, एवढं तरी या प्रयोगांवरून मान्य करायला मी तयार आहे.

घाईतला देव माणसासारखाच का निघतो? मनाकडे तयार हत्यार तेवढंच आहे म्हणून. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल यांनी ३४ जणांना एक छोटी चित्रफीत दाखवली: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, एक चौकोनी खोका, बस्स. काय दिसलं विचारल्यावर ३४ पैकी फक्त एकानं भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांना दांडगाई करणारा मोठा त्रिकोण, घाबरलेलं वर्तुळ, पाठलाग, सुटका असं काय काय दिसलं. त्रिकोणाला स्वभाव चिकटवणारं मन विश्वाच्या कर्त्याला कसं सोडेल?

आता खरी मजा. देवाला मन चिकटवायचं, पण कुणाचं?

आमचे काका दत्तभक्त. वर्षातून दोनदा गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला जाणार, घरी सोवळं कडक. चुलत बहिणीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तेव्हा काका म्हणाले, "महाराजांना हे चालणार नाही." वर्षभर बोलणं बंद. मग नातू झाला. परवा मांडीवर घेऊन त्याला खेळवत होते आणि म्हणत होते, "महाराजांचीच इच्छा होती." मी त्यांची थट्टा करत नाही, दोन्ही वेळा ते मनापासून बोलत होते.

निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना वादग्रस्त विषयांवर स्वतःचं मत विचारलं, मग सर्वसाधारण अमेरिकी माणसाचं मत काय असेल, प्रसिद्ध व्यक्तींचं काय असेल, आणि देवाचं काय असेल. देवाचं मत सगळ्यांत जास्त जुळलं ते उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या मताशी. यावर कुणीही म्हणेल, बरोबरच आहे, भक्तानं देवाचं मत स्वीकारलंय. म्हणून त्यांनी उलटी खेळी केली. मृत्युदंडावर लोकांना कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावलं, काहींना स्वतःच्या मताविरुद्ध. माणूस स्वतःच्या तोंडून वेगळं बोलला की त्याचं मत थोडं हलतं. ते हललं, आणि त्याच्या मागोमाग देवाचंही हललं! इतर माणसांबद्दलचे अंदाज मात्र तसे हलले नाहीत. मेंदूच्या स्कॅनमध्येही देवाच्या मताचा विचार करताना स्वतःबद्दल विचार करतानाचे भाग जागे झाले, दुसऱ्या माणसाबद्दलच्या विचारात तितके नाही.

मग काकांचे महाराज आणि आत्याचा बाप्पा एकमेकांशी कसे जुळणार? काका आणि आत्या तरी कुठं जुळतात! (वरच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. सृष्टी कुणी केली हा प्रश्नच ते मानत नाहीत. सृष्टी अनादी आहे. पर्युषणात त्यांच्याकडे गेलं की आमच्या घरातला वाद एकदम गावठी वाटायला लागतो.)

चेहऱ्याचंही असंच. २०१८ मध्ये अमेरिकेत ५११ ख्रिस्ती लोकांवर एक अभ्यास झाला. एक सरासरी चेहरा घ्यायचा, त्यावर संगणकानं मुंग्या-मुंग्यांसारखे ठिपके पेरून किंचित वेगळ्या जोड्या करायच्या, आणि विचारायचं: या दोघांत देवासारखा कोण? शेकडो निवडी एकावर एक ठेवल्या की मनातला चेहरा वर येतो. आला तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा नव्हता. बऱ्यापैकी तरुण, मऊ चेहऱ्याचा होता. तरुणांचा देव तरुण, वयस्करांचा वयस्कर. कृष्णवर्णीयांचा थोडा सावळा. परंपरावादी लोकांचा जास्त पुरुषी आणि करारी, उदारमतवाद्यांचा जास्त प्रेमळ. ग्रीसचा तत्त्वज्ञ झेनोफानीस अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून गेला होता, की इथिओपियातल्या लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसवाल्यांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. बैलांना चित्र काढता आलं असतं तर त्यांनी देव बैलासारखे काढले असते.

पण हे बडोद्यात बसून वाचताना मला हसू येतं. आपल्या मनातली लक्ष्मी आपल्या चेहऱ्याची कुठं आहे? ती राजा रविवर्म्यानं काढलेल्या चेहऱ्याची आहे. सयाजीरावांनी १८८८ साली त्याला चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. इथल्या फत्तेसिंह संग्रहालयात त्याची मूळ तैलचित्रं आजही बघता येतात. १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला, आणि कमळावरची चार हातांची लक्ष्मी दुकानांच्या गल्ल्यांमागे, कॅलेंडरांवर, देवघरांत जाऊन बसली. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही घरात देवाचा चेहरा चार-दोन आण्यांत पोचला. रावपुऱ्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानात मान वर करून बघा. अमेरिकेतले लोक चित्रातल्या म्हाताऱ्याला सोडून स्वतःकडे सरकले. आपण सव्वाशे वर्षं एका चित्रकाराच्या मॉडेलपुढे उदबत्ती लावतोय. मनाची ओढ आणि बाजारात मिळणारं चित्र, दोन्ही देव घडवतात, आणि मानसशास्त्रवाले दुसऱ्याला जरा कमीच मोजतात असं माझं मत आहे.

देव कोपिष्ट की मायाळू, हा आणखी एक जुना वाद. इथं काका आणि आत्या समोरासमोर असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या आठ वसाहतींतल्या ५९१ लोकांना एक खेळ दिला होता. त्यांत हिंदूही होते. ३० नाणी, दोन वाट्या, एक फासा. एक वाटी आपली किंवा आपल्या गावकऱ्यांची, दुसरी दूरच्या अनोळखी पण आपल्याच धर्माच्या माणसाची. मनात एक वाटी धरायची, फासा टाकायचा. एक रंग आला तर मनातल्या वाटीत नाणं, दुसरा आला तर दुसऱ्या वाटीत. मनात काय धरलं होतं हे कुणालाच कळत नाही, म्हणजे लबाडी पकडली जाणं अशक्य. आकडेवारीत मात्र ती दिसते. आपला देव सगळं बघतो आणि शिक्षा करतो असं मानणाऱ्यांनी अनोळखी माणसाच्या वाटीत जास्त नाणी टाकली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते आत्याकडे बघून फक्त "हं" म्हणाले.

यावरून एक मोठं विधान केलं जातं: अनोळखी माणसांच्या मोठ्या राज्यांना बघणारा देव लागतो, म्हणून तो जन्मला. २०१९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात ४१४ समाजांच्या इतिहासावरून उलटा दावा आला, की आधी मोठी राज्यं आणि मग असे देव. खूप गाजला. दोन वर्षांत तो निबंध मागे घ्यावा लागला. का, ते ऐकण्यासारखं आहे. फार जुन्या समाजांबद्दल लेखी पुरावाच नसतो. लिपीच नाही तर कोण लिहून ठेवणार? जिथं माहिती नव्हती तिथं संशोधकांनी 'असा देव नव्हता' असं धरलं होतं. टीकाकारांनी ते दुरुस्त करून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा निष्कर्ष टिकेना. 'सापडला नाही' आणि 'नव्हताच' यांत गल्लत. देवाच्या अस्तित्वावर चहाच्या टपरीवर वाद घालणारेही याच खड्ड्यात पडतात, पण त्यांना निबंध मागे घ्यावा लागत नाही.

दुसऱ्या बाजूचाही एक खड्डा आहे. मन देव कसा घडवतं हे कळलं म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं, असं काही लोक उत्साहानं म्हणतात. होत नाही. आंब्याचा वास नाकाला कसा येतो हे संपूर्ण उलगडलं तरी टोपलीत आंबा आहे की नाही ते टोपलीतच बघावं लागतं. आता ही टोपली उघडता येत नाही, ही अडचण खरी. आणि देवाची जी वर्णनं आपण करतो त्यांवर आपल्याच बोटांचे ठसे इतके आहेत, की त्या वर्णनांवर भरवसा किती ठेवायचा हाही प्रश्न खरा.

राहता राहिला देव आहे की नाही हे थेट तपासायचा प्रयत्न. १८७२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं हिशेब मांडला: राजांच्या दीर्घायुष्यासाठी सारी प्रजा दर आठवड्याला चर्चमध्ये प्रार्थना करते, तर राजे जास्त जगले पाहिजेत. निघालं उलट. त्यानं घेतलेल्या सुखवस्तू वर्गांमध्ये राजेच सगळ्यांत कमी जगत होते, सरासरी ६४ वर्षं. गाल्टन जरा खवचटच होता. गंभीर प्रयोग झाला तो २००६ साली प्रसिद्ध झाला: अमेरिकेतली सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण, तीन गट. एका गटासाठी प्रार्थना झाली, पण त्यांना नक्की सांगितलं नव्हतं. दुसऱ्यासाठी झाली नाही, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. तिसऱ्यासाठी झाली आणि तसं सांगितलंही. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्यात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१, आणि तिसऱ्यात ५९! 'आपल्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे काहीतरी गंभीर आहे' या धास्तीनं असेल, किंवा निव्वळ योगायोगानं. शिवाय घरच्यांना प्रार्थना करण्यापासून कोण थांबवणार? दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्याही आया होत्याच.

मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. कुणासाठी मागतोय ते देवाला कळायला नको का?

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती अजिबात हसली नाही. तिला त्यात विनोद दिसलाच नाही. यंदा प्रतिष्ठापनेला आमचे नेहमीचे गुरुजी आजारी, म्हणून नाशिककडचे कुणी आले होते. संकल्प सुरू झाला. तिथी, वार, नक्षत्र, गोत्र, नाव, सगळं रीतसर, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून 'गोदावर्याः' आलं. आत्यानं तिथंच हात वर केला. "गुरुजी, थांबा. नर्मदेच्या उत्तर तीरावर आहोत आपण. नीट सांगा."